एकादशीला भरलेली बनची जत्रा

संपादकबाईंनी लेख मागताना एक अट घातली आहे, की तो प्रेरणादायी असावा. मी उभं आयुष्य बेकरीच्या भट्टीसमोर काढलं. तिथे मला घामोळं आलं, भुवया जळाल्या, एकदा अर्धी मिशी गेली. प्रेरणा झाल्याचं काही आठवत नाही. तेव्हा बाईंनी मोठ्या मनानं चालवून घ्यावं.

आमचं घराणं बंगळूरचं मराठी. पूर्वज सोळाशे कितीतरी साली फौजेबरोबर घोडे राखत इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. माझे वडील हे सांगताना छाती पुढे काढत. मला त्यात एवढंच दिसतं, की खानदानात घोडे राखणारे होते आणि मी विस्तव राखणारा निघालो. घरात आम्ही जे बोलतो त्याला आम्ही मराठी म्हणतो. पुण्याचे पाहुणे त्याला काय म्हणतात ते अजून कळलेलं नाही, कारण ते आमच्यासमोर नुसतेच हसतात.

मल्लेश्वरमच्या एका क्रॉसवर, म्हणजे आडव्या गल्लीत, पुट्टण्णाची बेकरी होती. तो मालक आणि मी त्याचा भट्टीवाला. तोंडावर मी त्याला 'अण्णा, तुम्ही' म्हणत असे, पण लिहिताना एकेरीच बरं वाटतं. पुट्टण्णा हासनकडच्या खेड्यातला. तरुणपणी कँटोन्मेंटमधल्या बेकरीत गोऱ्या शिपायांसाठी पाव भाजायला शिकला. गोरे गेल्यावर मल्लेश्वरमला आला आणि अंड्याला हात न लावता धंदा करीन अशी शपथ घेऊन त्यानं भट्टी बांधली. देह प्रशस्त, आवाज बारीक. उपास हा शब्द त्याला माहीत होता, पण तो इतर लोक करतात म्हणून.

आता धंद्याविषयी थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमची भट्टी विटांची, आतून घुमटासारखी, तिला पुढे एक बुटकं तोंड. पहाटे आत सुरूची लाकडं पेटवायची. ती जळून निखारे झाले की ओढून बाहेर काढायचे, ओल्या गोणपाटानं आतली फरशी पुसायची आणि चिमूटभर मैदा आत फेकायचा. मैदा लगेच काळा पडला तर थांबायचं, सावकाश तांबूस झाला तर माल आत सोडायचा. पहिल्या तापेवर बन, मग पाव, उतरत्या तापेवर टोस्ट आणि भट्टी अगदी थकली की शेंगदाणे. विस्तव एकदाच पेटवायचा आणि दिवसभर त्याच्या उरल्यासुरल्या रागावर काम करून घ्यायचं, एवढाच आमचा धंदा. धूर होतो तो फक्त पहाटे, लाकडं पेटताना. हे लक्षात ठेवा, कारण सगळी भानगड त्या धुराची आहे.

त्या काळी पाव हे आजाऱ्याचं खाणं होतं. कुणी पाव घेताना दिसला की रस्त्यातले लोक थांबवून विचारत, "घरात कोण आजारी?" आमचं एक गिऱ्हाईक, सब-रजिस्ट्रारच्या कचेरीतले कारकून, त्यांना पाव मनापासून आवडायचा. पण कबूल करायची लाज. म्हणून ते आले की आधी बायकोचा ताप सांगायचे. वर्षभर त्या बाईला आमच्या दुकानात ताप होता. एकदा ती स्वतःच ठणठणीत अवस्थेत बन घ्यायला आली आणि पुट्टण्णानं काळजीनं विचारलं, "अक्का, तुम्ही उठलात कशाला?" पुढे घरात काय झालं ठाऊक नाही, पण कारकूनसाहेबांनी काही दिवस लांबच्या बेकरीतून पाव नेला.

निरोगी माणसानं उघड्यावर खावा असा एकच माल आमच्याकडे होता, आणि तो म्हणजे खारा बन. पिठात हिरवी मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता, जिरं. कांदा नाही, कारण कांदा घातला असता तर आमची निम्मी गल्ली देशोधडीला लागल्यासारखी ओरडली असती. हा बन गरम असताना मधोमध चिरायचा, आत लोणी फासायचं आणि हिंग-तिखट लावलेले भाजके शेंगदाणे गच्च भरायचे. शेंगदाण्याला इथे कडलेकाई म्हणतात, म्हणून त्याचं नाव कडलेकाई बन. गल्लीत सगळे म्हणत की ही फार जुनी परंपरा आहे. ती मी कामाला लागल्यानंतर सुरू झाली. एकदा शेंगदाणे ठेवायला डबा नव्हता म्हणून पुट्टण्णानं ते बनमध्ये कोंबले, हा परंपरेचा उगम.

गल्लीच्या दोन बाजू होत्या. खालच्या बाजूला स्मार्त, शिवभक्त, आमच्यासारखे मराठे असा संमिश्र माल. वरच्या बाजूला मठाचे कडक वैष्णव. पहाटेचा वारा नेमका खालून वर वाहायचा. म्हणजे बन खायचे खालच्या बाजूनं आणि धूर खायचा वरच्या बाजूनं, अशी वाटणी देवानंच करून ठेवली होती.

धुराड्याच्या अगदी पाठीमागे हेडमास्तरांचं घर. निवृत्त हेडमास्तर, देशस्थ वैष्णव, घरात आमच्यासारखीच कन्नड फोडणीची मराठी. माणूस बांबूसारखा सरळ आणि तितकाच वाकायला कठीण. त्यांच्या पत्नी रुक्माक्का. रुक्माक्का गच्चीवर सांडगे वाळत घालायच्या आणि आमच्या धुराड्यातली काजळी त्यावर तीळ पेरल्यासारखी पडायची. आधी त्यांनी पाखडून पाहिलं, मग वर जुनं लुगडं पसरून पाहिलं. शेवटी हेडमास्तरांनी आरोग्य खात्याला अर्ज केला, की ही बेकरी बंद करावी. खाली वरच्या बाजूच्या झाडून सगळ्या घरांच्या सह्या.

खात्याचे साहेब येऊन भट्टी पाहून गेले. ते मल्लेश्वरममध्येच राहणारे, वाईट माणूस नव्हते. पण जाताना म्हणाले, "इतके लोक नको म्हणतायत. गल्लीला तुम्ही हवे आहात असं मला दिसलं पाहिजे. नाहीतर माझा नाइलाज आहे."

त्या दिवशी पुट्टण्णा जेवला नाही. मी त्याच्याकडे कामाला लागल्यापासून हे पहिल्यांदा घडलं. पिठाच्या पोत्यावर बसून म्हणाला, "खंडोजी, मला दुसरं काही येत नाही रे." मलाही येत नव्हतं. घरी आई होती, दोन बहिणी लग्नाच्या होत्या. बेकरी गेली असती तर आम्ही दोघंही रस्त्यावर आलो असतो, आणि त्या रस्त्यावर खायला बनसुद्धा मिळाला नसता.

इथे देशपांडे आले. देशपांडे पुण्याचे, सरकारी कारखान्यात इंजिनिअर, खालच्या बाजूला नव्यानं भाड्यानं राहायला आलेले. त्यांना बन अतोनात आवडायचा आणि कुणी न विचारता योजना आखणं त्याहून आवडायचं. ते म्हणाले, "सिंपल आहे, खंडोजीराव. स्ट्रीट फेअर करायची. बनची जत्रा. मांडव, वाजंत्री, साहेब चीफ गेस्ट. अख्खी गल्ली बन खाताना साहेबांनी बघितली की केस क्लोज."

"जत्रा देवाची असते की," मी म्हटलं.

"मग बनला देव करा. तुमच्या गल्लीत एवीतेवी तोच सगळ्यांना मान्य आहे."

दिवसही त्यांनीच ठरवला. घरच्या भिंतीवरचं पुण्याहून आलेलं कॅलेंडर काढून दुकानात घेऊन आले. कार्तिक महिना चालू होता, नव्या शेंगा बाजारात उतरल्या होत्या. कॅलेंडरवर बोट ठेवून म्हणाले, "ही बघा शनिवारी एकादशी. आपण जत्रा रविवारी ठेवू. आदल्या दिवशी सगळी गल्ली उपाशी. रविवारी सकाळी लोक भुकेले उठणार आणि समोर गरम बन. आहे की नाही डोकं?"

आम्हाला ते डोकं भलतंच आवडलं. पुट्टण्णानं तर त्यांना जागच्या जागी दोन बन चारले.

आता माहीतगार वाचकांनी कपाळाला हात लावला असेल. नसेल लावला त्यांच्यासाठी सांगतो. कधीकधी एकादशी दोन दिवस येते. स्मार्तांची पहिल्या दिवशी, वैष्णवांची दुसऱ्या. देशपांडे स्मार्त. त्यांच्या घरी शनिवारी साबुदाण्याची खिचडी झाली, म्हणजे पृथ्वीवर शनिवारी एकादशी झाली, असा त्यांचा हिशेब. वरच्या बाजूच्या मठाच्या पंचांगात एकादशी रविवारी होती, आणि तीही खिचडीची नव्हे, निर्जळी. म्हणजे जिभेला पाणीसुद्धा नाही. मी शिवरात्रीपुरता उपास करणारा आणि पुट्टण्णा तेवढाही नाही, त्यामुळे आम्हाला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, गल्लीत कुणीच कसं सांगितलं नाही? खालच्या बाजूला वाटलं, बेकरीवाल्यांनी विचार करूनच दिवस धरला असेल. वरच्या बाजूलाही तेच वाटलं. फक्त त्यांना वाटलं, आम्ही मुद्दाम त्यांना खिजवायला एकादशी धरली. मग असल्या लोकांशी बोलायचं कशाला, म्हणून त्यांनी तोंडं मिटून घेतली.

जत्रेची तयारी जोरात झाली. केळीचे खांब, आंब्याची तोरणं, नादस्वरवाले दोघं. देशपांड्यांच्या डोक्यात आणखी एक बेत शिजला, की मांडवात मध्यभागी एक महाबन ठेवायचा. भट्टीच्या तोंडाचं माप घेऊन त्यांनी पिठाच्या गोळ्याचं माप काढलं. गोळा आत बरोबर गेला. मग तो फुगला. इंजिनिअर फुगणं विसरला, हे समजू शकतं. पण मी आणि पुट्टण्णा रोज फुगवण्याचाच धंदा करणारे, आमच्याही ध्यानात आलं नाही. महाबन बाहेर येईना. शेवटी आत सुरी घालून देवाचे तुकडे करून बाहेर काढावे लागले. ते केळीच्या पानावर पुन्हा रचले आणि भेगांवरून झेंडूच्या माळा टाकल्या.

रविवारी सकाळी फुकट वाटायला टोपल्याच्या टोपल्या भरून बन तयार होते. लोणी तांब्याच्या घंगाळात पाण्यावर तरंगत होतं. नादस्वर सुरू झालं. साहेबांना मुद्दाम दहाच्या सुमाराला बोलावलं होतं, कारण तोवर धूर संपलेला असतो. आम्ही वाट पाहत उभे राहिलो.

वरच्या बाजूची दारं उघडी होती. लोक ओसरीवर बसले होते, कपाळाला गोपीचंदन, हातात जपमाळ, ओठ सुकलेले. एकही माणूस खाली उतरला नाही. खालच्या बाजूचे लोक मांडवापर्यंत आले. आदल्या दिवशीचे उपाशी, डोळे बनवर. पण समोरची ती सुकलेली तोंडं बघून त्यांना रस्त्यात उभं राहून चावायची लाज वाटली. कितीही भांडण असो, शेजारी निर्जळी बसलेला असताना त्याच्यासमोर लोणी चाटायचं, एवढी आमची गल्ली बिघडलेली नव्हती. त्यांनी बन घेतले, फडक्याखाली झाकले आणि चोरीचा माल न्यावा तसे घरात नेऊन दारं लावून खाल्ले.

साहेब आले तेव्हा रस्त्यात मांडव, नादस्वर, तुकड्यांचा देव आणि एकटे देशपांडे. देशपांडे जत्रेची अब्रू राखायला एकामागून एक बन खात होते. त्यांचे डोळे बाहेर आले होते, पण माणूस मागे हटत नव्हता.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "एवढा मांडव आणि खाणारं कुणी नाही. गल्लीनं बहिष्कार घातलेला दिसतोय. लोकांचं मत स्पष्ट आहे."

पुट्टण्णाच्या हातात लोण्याची सुरी होती, ती त्यानं खाली ठेवली आणि हात पुसत राहिला. हात कधीच कोरडे झालेले होते. साहेबांनी खिशातून पेन काढलं.

तेवढ्यात ओसरीवरून हेडमास्तर उतरले. निर्जळीमुळे आवाज खोल गेला होता, पण चाल तीच, वर्गावर जायची.

"काय लिहिताय, साहेब?"

"तुमच्या बाजूनंच लिहितोय. रविवारी सुट्टीच्या दिवशी फुकट बन असूनही लोकांनी बहिष्कार घातला, असं."

"बहिष्कार?" हेडमास्तर कडाडले. "अहो, आज एकादशी आहे!"

"काल होती!" देशपांडे भरल्या तोंडानं म्हणाले. "आमच्याकडे खिचडी झाली."

"तुमच्याकडे खिचडी झाली म्हणून एकादशी होत नसते." मग ते पुट्टण्णाकडे वळले. "तुम्ही हे मुद्दाम केलंत ना?"

पुट्टण्णाचा चेहरा कोऱ्या मैद्यासारखा. "अय्यो, मास्तर, आज एकादशी? मग काल काय होतं?"

हेडमास्तरांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. वर्षानुवर्षं मुलांचे चेहरे वाचलेला माणूस. खोटं बोलणारा आणि खरोखरच ढ असलेला यांतला फरक त्यांना लगेच कळला. त्यांचा राग थोडा उतरला, पण आता त्यांची दुसरीच पंचाईत झाली होती. साहेबांच्या कागदात आजचा दिवस साधा रविवार म्हणून जाणार होता. म्हणजे मठाची एकादशी सरकारदरबारी नाहीच! बेकरी बंद होणं त्यांना हवं होतं, पण एकादशी बुडवून नव्हे.

"साहेब, हे लिहू नका," ते म्हणाले. "अर्जावर माझी सही आहे, ती तशीच राहील. पण मुलं देवळात बसलेली असताना परीक्षा घेऊन कोऱ्या पेपराला शून्य देणारा मास्तर मी नाही. उद्या द्वादशी. आमचं पारणं पहाटेच होतं. उद्या या आणि मग बघा, गल्ली खाते की नाही."

साहेब म्हणाले, "सरी, चालेल. सकाळी फिरायला निघतो तेव्हा येईन."

"हो, पहाटेच या," हेडमास्तर जाता जाता म्हणाले. "भट्टी पेटलेली असते तेव्हा."

हेडमास्तरांचे पाय धरायला निघालेला पुट्टण्णा जागीच थांबला. न्यायही झाला होता आणि आमचा गळाही कापला गेला होता, दोन्ही एकाच वाक्यात. मास्तर लोकांशी वाद घालू नये तो यासाठी.

उरलेले बन आम्ही कापून टोस्ट केले, कारण पुट्टण्णा आदल्या दिवसाचा बन ताजा म्हणून विकायला मेला तरी तयार झाला नसता. मग नवं पीठ मळलं, नवे शेंगदाणे भाजले. शेंगदाणे भाजल्याचा वास त्या दिवशी जरा जास्तच सुटला. वरच्या बाजूच्या निर्जळी लोकांनी एकेक करून खिडक्या लावून घेतल्या. मी पुट्टण्णाला म्हटलं, "अण्णा, यांचं पुण्य आज आपल्यामुळे दुप्पट होतंय." तो शेंगदाणे हलवत राहिला.

सोमवारी पहाटे रिमझिम होती. बनची पहिली खेप आम्ही मध्यरात्रीनंतर सुक्या लाकडांवर काढली होती; दुसरीसाठी भट्टी पुन्हा पेटवायची, तर उरलेली लाकडं सर्दावलेली. ज्या दिवशी धूर नको असतो त्या दिवशी ओलं लाकूड कसं नेमकं मिळतं, हा माझ्या आयुष्यातला न सुटलेला प्रश्न आहे. मी फुंकर मारली, रॉकेलचा बोळा टाकला, आई-मावशीवरून शिव्या घातल्या. धुराडं असं भकभकलं, की आमची बेकरी आहे की आगगाडीचं इंजिन, कळेना.

साहेब आले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, हातात छत्री. मांडवाशी पोचेपर्यंत सदऱ्यावर काजळीचे ठिपके. त्यांनी एक ठिपका बोटानं पुसला, तो लांबला.

आणि आता आमची आणखी एक शोभा झाली. तो कार्तिकातला सोमवार. खालच्या बाजूच्या शिवभक्तांचा संध्याकाळपर्यंत उपास! आमची हक्काची गिऱ्हाइकं आज हात जोडून लांब उभी. काल ते खात नव्हते, आज हे खात नाहीत. साहेब मला म्हणाले, "तुमच्या गल्लीत जेवतात कधी?"

वरच्या बाजूचे लोक पारणं फेडून ओसऱ्यांवर आले होते. घरचा सोवळ्यातला भात पोटात पडला होता, तरी नजर मांडवावर. पण आधी कोण उतरणार? सगळे हेडमास्तरांकडे बघत होते. हेडमास्तरांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "रुक्मा, आण ते."

रुक्माक्का बाहेर आल्या. डोक्यावर पदर, हातात सांडग्यांचं मोठं सूप. ठेंगणी, गोरी बाई, गल्लीत कुणी त्यांचा चढा आवाज ऐकलेला नव्हता. त्यांनी सूप साहेबांसमोर मांडवातल्या बाकावर ठेवलं. पांढऱ्या सांडग्यांवर काळे ठिपके. साहेबांनी एक उचलून पाहिला.

"हे रोज होतं?"

"रोज," हेडमास्तर म्हणाले.

साहेबांनी मान हलवली आणि पुट्टण्णाकडे पाहिलं. संपलं, असं मला वाटलं. मी हातातलं फावडं भिंतीला टेकवलं. रुक्माक्का मात्र परत वळल्या नाहीत. तिथेच उभ्या राहून टोपलीकडे बघत होत्या.

"खंडोजी," त्या म्हणाल्या, "एक दे की."

मला वाटलं सांडगा मागतायत. पुट्टण्णाला आधी कळलं. त्यानं बन चिरला, लोणी लावलं, शेंगदाणे भरले. घाईत निम्मे शेंगदाणे खाली सांडले.

"रुक्मा!" हेडमास्तर ओरडले. त्यांच्या घरातली बाई, रस्त्यात, परक्याच्या हातचं, तेही उभ्यानं! ओसऱ्यांवरचे लोक उठून उभे राहिले.

रुक्माक्कांनी नवऱ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "काय रुक्मा? इतकी वर्षं यांचा धूर खातेय मी. पहाटे उठून आधी यांचा वास येतो, मग देव आठवतो. धूर खाल्लेला चालतो, आणि बन खाल्लेला चालत नाही होय?"

आणि त्यांनी बनचा घास घेतला. सावकाश खाल्ला. हनुवटीला लोणी लागलं, ते पदरानं पुसलं. पुट्टण्णा त्यांच्याकडे असा बघत होता, जणू निकाल साहेबांच्या नाही, त्यांच्या हातात आहे.

"बरा आहे," रुक्माक्का म्हणाल्या. "लोणी स्वल्प कमी आहे."

कुणीतरी हसलं. मग वरच्या बाजूच्या ओसऱ्यांवरून आधी बायका उतरल्या, मागून पुरुष. ज्यांनी ज्यांनी सही केली होती ते सगळे हात पुढे करून उभे. मी चिरत होतो, पुट्टण्णा भरत होता, देशपांडे वाटत होते. काजळी वरून पडत होती, ती तिखटात मिसळून जात होती. खालच्या बाजूचे उपाशी शिवभक्त लांबून ओरडून सांगत होते, "आम्हाला संध्याकाळी ठेवा रे!"

साहेबांनी विचारलं, "मास्तर, तक्रार मागे घेताय?"

हेडमास्तर बायकोकडे बघत होते. असं बघताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. रागावलेला माणूस एकदम हरवल्यासारखा दिसत होता. शेवटी म्हणाले, "नाही. तक्रार आहे. पण ती धुराची आहे, बनची नाही. 'बंद करा' लिहिलंय ते खोडा. 'धुराडं उंच करा' असं लिहा." मग वर बोट करून, "आणि माझ्या गच्चीच्या वर गेलं पाहिजे."

जाताना त्यांनी एक बन उपरण्यात बांधून नेला. तो त्यांनी खाल्ला का, हे मी नंतर रुक्माक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी दाणे वेचून खाल्ले आणि तिखट आहे म्हणाले. मग राहिलेला बन वाया जाऊ नये म्हणून खाल्ला."

साहेब गेल्यावर पुट्टण्णा भट्टीच्या तोंडाशी जाऊन बसला आणि रडला. चांगला मोठ्यानं, त्या बारीक आवाजात. मीही रडलो, पण मी ते ओल्या लाकडांवर ढकललं.

धुराडं देशपांड्यांनी करून दिलं. पत्र्याचं, उंच, सगळं मोजूनमापून. फुगणार नाही याची या वेळी खात्री केली होती, पण कललं. शेवटपर्यंत ते पुण्याच्या दिशेला झुकलेलं होतं. काजळी मात्र गच्चीवरून पार पुढच्या क्रॉसवर जाऊन पडू लागली. तिथल्या लोकांनी अर्ज केला की नाही, याची आम्ही चौकशी केली नाही.

जत्रा पुढे काही वर्षं भरली. दिवस ठरवायला मठाचं पंचांग, स्मार्तांचं पंचांग आणि देशपांड्यांचं कॅलेंडर घेऊन बैठक बसायची. कार्तिकात कुणाचाच उपास नाही असा दिवस शोधता शोधता माणसं दमून जात आणि मध्येच उठून बन खात. पुढे जुनी माणसं गेली, घरं विकली गेली, गल्लीच्या दोन बाजू राहिल्या नाहीत, जत्राही राहिली नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि ते मी लपवत नाही.

एक गोष्ट मात्र मी चालू ठेवली. दर द्वादशीला पहिल्या तापेतला पहिला बन मागच्या भिंतीवरून रुक्माक्कांना द्यायचा. लोणी भरपूर. पुट्टण्णा गेला, त्याच्या मुलांनी जुनी भट्टी पाडून विजेची आणली, कललेलं धुराडं भंगारात गेलं. हेडमास्तरही गेले. विजेच्या भट्टीला पेटवायचं नसतं, फुंकायचं नसतं. बटण दाबलं की ती तापते आणि माणसाला तिच्यासमोर काय करावं ते कळत नाही.

त्या भट्टीतला पहिला बन मी द्वादशीच्या सकाळी घेऊन गेलो. भिंतीवरून नाही, पुढच्या दारानं, कारण अक्कांना आता भिंतीशी येववत नव्हतं. खाटेवर बसल्या होत्या. शेजारी सुपात सांडगे वाळलेले, पांढरे शुभ्र, एक डाग नाही. त्यांनी बन हातात घेतला, नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग एक घास खाल्ला.

"कसा आहे, अक्का?" मी विचारलं.

"बरा आहे," त्या म्हणाल्या. "धूर स्वल्प कमी आहे."